मुंबईचा आठवा तलाव: लॉफ्टवरच्या टाकीची गोष्ट

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये उभं राहून वाचायचंय, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना जे 'म्हणजे', 'काय की' येतात ते बरेचसे गाळलेत. सगळे नाही.

शाळेत आपण मुंबईला पाणी देणारे सात तलाव पाठ केले. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. पावसाळ्यात रोज बातमी येते, सातही तलावांत मिळून किती टक्के पाणी जमलं. पूर्ण भरले तर १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. आज मी आठव्या तलावाबद्दल बोलणार आहे. तो तुमच्या बाथरूमच्या वर आहे. जुने स्टीलचे डबे, गणपतीचं मखर आणि कुणीच न वापरलेली सूटकेस यांच्या मागे, लॉफ्टवर.

लॉफ्टवरची पाण्याची टाकी. काही घरांत पत्र्याची, काही घरांत काळी प्लास्टिकची, अगदी जुन्या इमारतीत सिमेंटची. आपण तिच्याकडे कधी बघतो? गळायला लागली की. बाथरूमच्या छतावर पिवळट डाग येतो, रंगाचे पोपडे सुटतात, आणि मग आई म्हणते, 'अरे, वरून टपटप आवाज येतोय का बघ रे.'

आमच्याकडे हेच झालं. गळती कशी शोधली, टाकी ठेवली की काढली, ते सगळं सांगतो. पण मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. बग सापडला की पहिला प्रश्न हा नसतो की दुरुस्त कसा करू. पहिला प्रश्न असतो, हा कोड इथे लिहिला कुणी आणि कशासाठी? अर्धा टन वजन डोक्यावर टांगून त्याखाली आंघोळ करायची, ही कल्पना मुळात आली कुठून?

चला तर मग, मागे जाऊ.

तलाव होते, पण नावापुरते उरले

गोवालिया टँक, सी. पी. टँक, धोबी तलाव, दो टाकी, नवाब टँक. दक्षिण मुंबईत फिरलात तर ही नावं बसच्या पाट्यांवर दिसतात. तिथे पाणी मात्र दिसत नाही. ही सगळी एकेकाळची खरीखुरी तळी. मुंबई बेटाला मोठी नदी नाही, विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ, त्यामुळे तळी आणि विहिरी खोदणं हे पुण्याचं काम मानलं जायचं. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल टँक, एका पारशी दात्याच्या नावाचा. पाणी घरी आणायचं काम बायका करायच्या, नाहीतर पखालवाले भिस्ती.

१८५० च्या दशकात पावसाने दगा दिला आणि ही व्यवस्था कोलमडली. तळी आटली, उरलेल्या पाण्याला वास. शेवटी सरकारने ठरवलं की बेटाच्या बाहेरून पाणी आणायचं. हेन्री कॉनीबेअर नावाच्या इंजिनिअरने साष्टीत मिठी नदीच्या उगमाकडे धरण सुचवलं. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी नळातून शहरात आलं. हो, तीच मिठी नदी, जी २६ जुलै २००५ ला आपल्या घरात आली होती.

आता एक छोटा हिशोब. विहार सुरुवातीला रोज साधारण ३ कोटी २० लाख लिटर पाणी देणार होता. १८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या भरली ८,१६,५६२. भागाकार करा, माणशी ३९ लिटर येतात. म्हणजे दोन बादल्या. त्यातच गिरण्या, घोडे, सगळं. म्हणजे नळ आला त्या दिवसापासूनच पाणी कमी पडत होतं.

मग १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात वैतरणेवर धरण झालं, त्याला महापालिकेचे इंजिनिअर मोडक यांचं नाव मिळालं. मग अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज शहराला रोज सुमारे ३,८०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी मिळतं. एवढं पाणी असूनही बहुतेक भागांत नळाला ते ठरावीक तासच येतं. एका भागाचा व्हॉल्व्ह उघडायचा, दुसऱ्याचा बंद करायचा. मुंबईत चावीवाला कधी येतो यावर हजारो घरांचे अलार्म लागतात.

टाकीचं मूळ इथे आहे. पाणी येण्याची वेळ आणि पाणी लागण्याची वेळ वेगळी. आमच्या भाषेत याला बफर म्हणतात. व्हिडिओ बघताना नेट मधेच अडकलं तरी चित्र चालू राहतं ना, ते ज्याच्यामुळे, तो.

लंडनमध्येही हेच चाललं होतं

तुम्ही म्हणाल, हा आपलाच खास जुगाड असेल. नाही. एकोणिसाव्या शतकातलं लंडन घ्या. पाणी पुरवायला खासगी कंपन्या होत्या आणि त्या पाणी ठरावीक वेळच सोडायच्या. श्रीमंतांच्या घरात शिशाची टाकी, गरिबांच्या चाळवजा घरांमागे एक लाकडी पिंप आणि एक सामाईक नळ. अनेक घरं त्या एका नळावर. ओळखीचं वाटतंय ना?

गंमत म्हणजे याला उत्तर तेव्हाच सापडलं होतं. नॉटिंगहॅम शहरात थॉमस हॉक्सली या तरुण इंजिनिअरने १८३१ मध्ये अशी योजना उभारली की मेन पाइप चोवीस तास दाबाखाली भरलेले राहतील. त्याचं म्हणणं साधं होतं. पाइप सतत भरलेला असेल तर बाहेरची घाण आत शिरत नाही. पाइप रिकामा झाला की फटींतून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. आज पावसाळ्यात आपल्याकडे नळाला पहिली पाच मिनिटं गढूळ पाणी येतं, त्यामागे हेच कारण असू शकतं.

लंडनच्या कंपन्यांनी मात्र कुरकुर केली. त्यांचा युक्तिवाद असा की लोकांच्या घरातले नळ आणि टाक्या एवढ्या गळक्या आहेत की चोवीस तास पाणी सोडलं तर सगळं वाया जाईल. म्हणजे गळती आहे म्हणून पाणी थोडा वेळ सोडा. आणि थोडा वेळ सोडता म्हणून लोक टाक्या बसवणार, आणि टाक्या गळणार! १८५२ च्या कायद्याने अटींसकट सतत पुरवठ्याचा रस्ता मोकळा केला, तरी संपूर्ण लंडनला चोवीस तास पाणी मिळायला शतक संपत आलं.

पाणी सतत येऊ लागलं, पण टाकी गेली नाही. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत छताखालच्या माळ्यावर पाण्याची टाकी कित्येक दशकं राहिली. स्वयंपाकघरातला नळ थेट मेन लाइनवर, बाकी सगळं टाकीवर. आता आपल्या घरात बघा. सकाळी 'पिण्याचं पाणी' थेट येतं ते वेगळं भरायचं, आणि आंघोळ, भांडी, फ्लश टाकीवर. तिथे आणि इथे, साठवलेलं पाणी तोंडात घालायचं नाही ही समजूत सारखीच.

चाळीतून फ्लॅटमध्ये

चाळीत लॉफ्टवरची टाकी नव्हती. कारण सोपं आहे, संडास घरात नव्हता. खोलीच्या कोपऱ्यात मोरी, मोरीत पिंप, पिंपावर झाकण आणि झाकणावर तांब्या. गॅलरीच्या टोकाला सामाईक नळ. पाणी आलं की हंडे, कळश्या, बादल्यांची रांग. पाणी भरणं हे काम आणि ते काम बायकांचं.

१९२० ते १९४० च्या काळात दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांत नवीन प्रकारची घरं आली. ब्लॉक. म्हणजे आजच्या भाषेत सेल्फ-कंटेन्ड फ्लॅट. निखिल राव या इतिहासकाराने यावर चांगलं लिहिलंय. घराच्या आत संडास असणं ही त्या काळच्या मध्यमवर्गाला पचायला जड गोष्ट होती. सोवळं-ओवळं, जात, स्वच्छता, सगळं त्यात गुंतलेलं.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. संडास घरात आला की फ्लशला दिवसभर पाणी हवं. नळाला तर ठरावीक तास पाणी. मग पाणी घरातच, आणि तेही उंचावर साठवायला हवं, म्हणजे पंपाशिवाय खाली येईल. बाथरूमला बाकी खोल्यांएवढी उंची लागत नाही, म्हणून सात-साडेसात फुटांवर मधेच एक पातळ स्लॅब टाकायचा. खाली आंघोळ, वर अडगळ आणि टाकी. गुरुत्वाकर्षण फुकट, जागा फुकट.

पत्रा, जस्त आणि सिंटेक्स

जुनी पत्र्याची टाकी म्हणजे जी.आय., लोखंडावर जस्ताचा थर. हे तंत्र फ्रान्समधल्या सोरेल याने १८३७ मध्ये पेटंट केलं. जस्त इथे नुसता रंगासारखा थर नसतो. ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. घरातलं कुणीतरी आधी स्वतः उपाशी राहतं ना, तसं. पण जस्त संपलं की लोखंडाची पाळी येते. तळाशी गाळ साचतो तिथे आणि पाण्याची पातळी वरखाली होते त्या पट्ट्यात गंज आधी लागतो.

जाता जाता, जस्त मोठ्या प्रमाणावर काढण्याची कला भारताला युरोपच्या कितीतरी आधी जमली होती. उदयपूरजवळ जावर इथे वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींचे ढीगच्या ढीग सापडलेत. त्यावर कधीतरी वेगळा एपिसोड करू.

मग १९७५ च्या सुमारास गुजरातेतल्या कलोलच्या एका कापड गिरणीवाल्या कंपनीने प्लास्टिकच्या टाक्या काढल्या. नाव सिंटेक्स. 'सिंटरिंग' मधला सिन आणि 'टेक्सटाइल' मधला टेक्स. साच्यात प्लास्टिकची पूड टाकून साचा तापवत फिरवायचा, की सांधा नसलेली एकसंध टाकी तयार. गंज नाही, हलकी, दोन माणसं जिन्यावरून नेतात. रंग बहुतेक काळा, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरतं. थोड्याच वर्षांत गच्चीवरच्या टाकीला लोक कंपनी कुठलीही असो, सिंटेक्सच म्हणायला लागले.

आणि टाकीच्या आतला तो तरंगता गोळा, बॉल व्हॉल्व्ह? पाणी चढलं की गोळा चढतो, नळ बंद होतो. पाणी उतरलं की गोळा उतरतो, नळ उघडतो. वीज नाही, सेन्सर नाही. ही कल्पना फार जुनी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने पाण्याच्या घड्याळात तरंगणारा नियंत्रक वापरला. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा भावंडांनी त्यांच्या यंत्रांच्या ग्रंथात असे व्हॉल्व्ह दाखवले. फीडबॅक कंट्रोल म्हणून कॉलेजात जे शिकलो, त्याचं सगळ्यात स्वस्त उदाहरण माझ्या बाथरूमवर लटकत होतं.

टाकीतले डास

या टाकीची एक काळी बाजू आहे. साठवलेलं स्वच्छ पाणी डासांना फार आवडतं. १९११ मध्ये डॉक्टर चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाची चौकशी करून अहवाल दिला. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास दलदलीत नाही, तर घरच्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, असं त्यांना आढळलं. मग विहिरी झाकण्याची, बुजवण्याची मोहीम आली. त्यावर लोक चिडले. पारशी आणि हिंदू कुटुंबांसाठी विहीर म्हणजे पूजेची जागा होती. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर त्या सगळ्यातून वाचली, आजही आहे.

डेंग्यूचा एडिस डास तर पाण्याच्या पातळीच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. त्यामुळे टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, आतून ब्रशने घासावी लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात. यामागे हे गणित आहे. लॉफ्टवरच्या टाकीचं झाकण वाकडं असेल, तर तुमच्या घरात डासांचा कारखाना आहे. आज रात्री बघा.

आमच्या टाकीची गळती

आता आमची टाकी. उपनगरातली १९८० च्या दशकातली इमारत. आजोबांनी बसवलेली पत्र्याची टाकी, तीनशे लिटरची. छताचा डाग वाढत गीझरच्या स्विचपर्यंत पोचला, तेव्हा मी मेन स्विच पाडला आणि शिडी लावली. पाणी आणि वीज जवळ आली की बाकी सगळं नंतर. हे नीट ऐका, आधी वीज बंद.

गळती कुठून, हे शोधायची पद्धत सांगतो. तीन शक्यता असतात. एक, बॉल व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडातून जातंय. दोन, टाकीतून पाइप निघतो त्या जोडावर वॉशर गेलाय. तीन, टाकीलाच भोक पडलंय. पहिली शक्यता तपासायला येणारं पाणी बंद करा. थेंब थांबले तर व्हॉल्व्ह दोषी. थांबले नाहीत तर टाकी कोरड्या फडक्याने पुसा, जोडांभोवती टिश्यू पेपर गुंडाळा, दहा मिनिटांनी कुठला ओला झाला ते बघा.

आणि सगळ्यात छान युक्ती अशी. टाकी आपोआप गळू द्या. पाणी उतरत उतरत एका पातळीला थांबेल. भोक त्याच उंचीवर आहे. तिथे पेन्सिलने रेघ मारा आणि त्या रेघेवर गोल फिरून बघा. आमच्या टाकीचं पाणी तळापासून चार बोटं वर थांबलं. त्या रेघेवर एक जुना एम-सीलचा लेप निघाला, आणि त्याच्या शेजारी सुईएवढं भोक.

एम-सील लावून का भागलं नव्हतं? कारण गंज लागलेल्या पत्र्यात भोक एकटं नसतं. आजूबाजूचा पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो. एक बुजवलं की शेजारचं उघडतं. मी बोटाने दाबलं तर पत्रा आत गेला. अशा टाकीला तात्पुरता लेप चालतो, कायमचा नाही. प्लास्टिकच्या टाकीची अडचण वेगळी. त्या प्लास्टिकवर बहुतेक डिंक, लेप धरतच नाहीत, काही महिन्यांत पापुद्र्यासारखे निघतात. तिथे त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करावं लागतं. जोडावर गळत असेल तर मात्र सुटलात, रबराचा वॉशर आणि नवीन निपल, काम झालं.

'एक थेंब गळतोय, त्यात काय एवढं' असं कुणी म्हणालं तर हिशोब दाखवा. सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरच्या वर, महिन्याला जवळपास एकशेतीस लिटर. आणि हे पाणी कुठे जातं? लॉफ्टच्या स्लॅबमध्ये, आतल्या सळयांपर्यंत. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. टाकी बदलता येते, स्लॅब बदलणं फार महाग पडतं.

बाबा विरुद्ध मी

माझं मत होतं, टाकी काढूनच टाकू. सोसायटीची जमिनीखाली टाकी आहे, पंप आहे, गच्चीवर मोठ्या टाक्या आहेत. नळाला दिवसभर पाणी असतं. मग डोक्यावर हे ओझं कशाला?

वजनाचा हिशोबही मी काढला होता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. घराच्या नेहमीच्या लाद्यांसाठी इंजिनिअर साधारण दर चौरस मीटरला दोनशे किलो वापराचं वजन धरतात. टाकीत मीटरभर उंच पाणी असेल तर दर चौरस मीटरला हजार किलो. पाचपट! आणि लॉफ्टचा स्लॅब तर खोलीच्या स्लॅबपेक्षा पातळ.

बाबा शांतपणे म्हणाले, 'तू तेव्हा लहान होतास. रात्री अडीच वाजता उठून तुझी आई पाणी भरायची. ही टाकी आली आणि ती झोपायला लागली.'

मी म्हटलं, 'बाबा, तुम्ही सांगताय ते तेव्हाचं. आता पंप आहे ना.'

'पंप बंद पडला तर? लाइट गेली तर? मागच्या वर्षी दोन दिवस मोटर जळाली होती तेव्हा तू ऑफिसच्या कामाला बंगलोरला होतास. घरी मी आणि तुझी आजी. ती ब्याऐंशी वर्षांची, तिला संडासात पाणी लागतं ते कुणी बादलीने तीन मजले चढवायचं?'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या डेटा सेंटरला दोन-दोन वीजजोडण्या, त्यावर बॅटरी, त्यावर जनरेटर. का? एक गेलं तर दुसरं हवं म्हणून. तिथे मी त्याला रिडंडन्सी म्हणतो आणि घरी त्यालाच ओझं म्हणत होतो? प्रश्न टाकी हवी की नको हा नव्हताच. किती मोठी हवी हा होता. आजीला दोन दिवस पुरेल इतकं पाणी किती? आम्ही कागदावर मांडलं. दीडशे लिटर पुरे.

मग प्लंबर मामांना बोलावलं. जुनी टाकी कापून बाहेर काढली. ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब ठोकून, बघून ठीक आहे म्हटलं. दीडशे लिटरची आडवी, बुटकी प्लास्टिकची टाकी बसवली, म्हणजे वजन पसरतं. तिच्याखाली सपाट फळी, कारण प्लास्टिकच्या टाकीचा तळ सगळीकडून टेकलेला लागतो, नाहीतर तिथेच तडा जातो. ओव्हरफ्लोचा पाइप बाहेर काढला, खिडकीतून दिसेल असा, त्याच्या तोंडाला जाळी. आता व्हॉल्व्ह बिघडला तर पाणी भिंतीत न मुरता सगळ्यांना दिसेल असं पडेल. इशारा दिसला पाहिजे, हा नियम कोडला जेवढा लागू तेवढाच टाकीला.

ज्यांच्याकडे लॉफ्टच नाही

आता जरा मोठा प्रश्न. समजा मुंबईत दहा लाख घरांत दोनशे लिटरची टाकी आहे. सगळी मिळून २०० दशलक्ष लिटर. शहराच्या रोजच्या पाण्याच्या विसाव्या भागाएवढंच. म्हणजे आठवा तलाव आकाराने किरकोळ आहे. तो पाणी वाढवत नाही, फक्त वेळ विकत घेतो. आणि तो वेळ त्यालाच मिळतो ज्याच्याकडे लॉफ्ट आहे, पंप आहे, सोसायटी आहे.

ज्याच्याकडे नाही तो अजूनही पिंपावर आहे. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणायचे, कारण १९६० च्या दशकात त्यांनी तिथल्या वस्त्यांच्या नळासाठी महापालिकेत भांडण काढलं. त्यानंतर पन्नास वर्षांनीही प्रश्न तोच होता. झोपडी अमुक तारखेनंतरची असेल तर नळजोडणी नाही. पाणी हक्क समितीने त्याविरुद्ध याचिका केली आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

चोवीस तास पाणी आपल्याकडे शक्यच नाही, असं म्हणणाऱ्यांना मी कराडजवळच्या मलकापूरचं नाव सांगतो. सातारा जिल्ह्यातलं छोटं गाव, तिथे मीटर बसवून चोवीस तास पाणीपुरवठा करून दाखवला. २००८ च्या सुमारास हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्ग्यातल्या काही भागांतही हा प्रयोग झाला. मुंबई मोठी आहे, डोंगर-उतार आहेत, पाइप शंभर वर्षांचे आहेत, हे मान्य. पण हॉक्सलीला १८३१ मध्येही लोक हेच सांगत असणार.

जुनं पाडायचं की दुरुस्त करायचं हा वादही फक्त आमच्या घरातला नाही. मलबार हिलवर हँगिंग गार्डनच्या खाली ब्रिटिश काळातला मोठा जलाशय आहे, दक्षिण मुंबईचं पाणी तिथून जातं. २०२३ मध्ये तो पाडून नवीन बांधायचं ठरत होतं. झाडं जातील म्हणून रहिवासी उभे राहिले, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, रिकामा करून आत उतरून पाहणी झाली. फरक फक्त आकाराचा. प्रश्न तेच: भोक कुठे आहे, पत्रा किती पातळ झालाय, आणि दुरुस्ती चालू असताना लोकांना पाणी कोण देणार?

तर मंडळी, या रविवारी एक काम करा. शिडी लावा, टॉर्च घ्या, लॉफ्टवर चढा. आधी वीज बंद. झाकण घट्ट बसतंय का, ओव्हरफ्लोला जाळी आहे का, टाकीखालचा स्लॅब कोरडा आहे का, एवढं बघा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की या घरात टाकी येण्याआधी पाणी कोण भरायचं आणि किती वाजता. तो आवाज रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवू. विषय असेल पखालवाले भिस्ती.

भेटू पुढच्या शुक्रवारी. तोवर नळ नीट बंद करा.